रेव्हरंड नारायण वामन टिळक

ज्यांचीं भजनें आम्ही उपासनेंत भक्तिभावानें गातों, त्या रेव्हरंड टिळकांचें चरित्र येथें संक्षेपानें देत आहों. त्यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांव येथें झाला. १८९३ सालीं आगगाडींत एका अनोळखी युरोपीय गृहस्थानें त्यांस नवा करार दिला व दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असें भाकीत केलें. टिळकांस तें पटलें नाहीं; तरी पुस्तक त्यांनीं वाचलें. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाचें मोल मोठें होतें. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें विभक्त राहिल्या. पुढें त्या परत आल्या व १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

१९१७ सालीं, ५५ व्या वर्षीं, मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ठरलेल्या वेतनाचा आधार सुटला. ज्यानें हांक मारली तो सांभाळील, हा भरंवसा मात्र अढळ होता. ९ मे १९१९ रोजीं ते निवर्तले. दरबार बाल्यावस्थेंतच राहिला.

विद्यार्थिमित्रहो, कार्य अपुरें राहिलें म्हणून मार्ग चुकला, असें आम्हांस वाटत नाहीं. टिळकांस सारी वाट एकदम दिसली नव्हती. जेवढी दिसली तेवढी ते चालले.