पुण्यश्लोक अहिल्यादेवींची दिनचर्या

उदगीरहून रेल्वेने परळीस जाऊन वैजनाथाचे दर्शन घेणाऱ्यांना त्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्यादेवी होळकरांनी केल्याचे ठाऊक असते. त्यांची दानशीलता सर्वश्रुत आहे. त्यांच्या दिवसाची आखणी मात्र फारशी कोणी सांगत नाही.

चौंडी (जि. अहिल्यानगर) येथे 1725 साली त्यांचा जन्म झाला. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सासरे मल्हारराव 1766 मध्ये व एकुलते पुत्र मालेराव 1767 मध्ये निवर्तले. त्यानंतर राज्यकारभार हाती घेऊन त्यांनी महेश्वर ही राजधानी केली. महेश्वरी साड्यांची ख्याती तेथील विणकरांना त्यांनी दिलेल्या आश्रयामुळे झाली, हे माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्यास विसरता येत नाही.

माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील लोकांकडून माहिती घेऊन त्यांची दिनचर्या 1823 च्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. सूर्योदयापूर्वी तासभर उठणे, पूजा, ठरावीक वेळ ग्रंथश्रवण, दानधर्म, स्वहस्ते अन्नदान आणि मग भोजन. कुळाचा निर्बंध नसतानाही त्यांनी मांसाहार वर्ज्य केला होता. अल्प विश्रांतीनंतर दुपारी 2 च्या सुमारास त्या दरबारात येत व सायंकाळी 6 पर्यंत बसत. फिर्याद त्या स्वतः ऐकत. पुढे पूजा व साधा आहार. रात्री 9 वाजता पुन्हा कामकाज, ते 11 पर्यंत. उपवास, सणवार अथवा राज्यावरील संकट यांखेरीज या क्रमात सहसा बदल होत नसे.

रात्रीच्या त्या दोन तासांचे मोल आम्हा दुकानदारांना विशेष कळते. रोजमेळ त्याच रात्री जुळला नाही, तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे ओझे होते. येथे तर प्रश्न राज्याचा होता, आणि सुमारे 28 वर्षांचा.

हा क्रम एकदा पार कोलमडला. उतारवयात नातू गेला, पाठोपाठ जावई यशवंतराव फणसे गेले आणि कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. मातेने परोपरीने विनविले, त्या ऐकेनात. आपल्या डोळ्यांदेखत लेक चितेवर गेल्यावर तीन दिवस अहिल्यादेवींनी अन्नास स्पर्श केला नाही, तोंडातून शब्दही क्वचितच निघाला. त्यातून सावरल्यावर त्यांनी गेलेल्यांच्या स्मरणार्थ सुंदर वास्तू उभारण्याचे काम हाती घेतले. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरी त्यांचे देहावसान झाले, तोवर राज्याचा कारभार त्यांच्याच हाती होता.