आप्पासाहेब भोसले
आप्पासाहेब भोसले ऊर्फ दुसरे मुधोजी (मृत्यू : इ.स. १८४०, जोधपूर) हे नागपूरचे राजे होते. इ.स. १८१६ च्या तैनाती फौजेच्या तहाने कंपनी सरकारच्या संमतीवाचून अन्य सत्तांशी पत्रव्यवहार करण्यास मनाई होती. तरीही त्यांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांशी गुप्त संधान बांधले. सीताबर्डीच्या पराभवानंतरही (नोव्हेंबर १८१७) हा पत्रव्यवहार थांबला नाही. तो उघडकीस येताच रेसिडेंट जेन्किन्सने मार्च १८१८ मध्ये त्यांना कैद केले. नागपूरच्या मदतीच्या आशेने चांद्याकडे निघालेल्या पेशव्यांचा १७ एप्रिल रोजी कर्नल अ‍ॅडम्सने सध्याच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ पराभव केला. मे महिन्यात प्रयागला नेले जात असताना आप्पासाहेब निसटले. परंतु राज्य त्यांना परत मिळाले नाही.