शेजारची जागा

आईला घेऊन काशीला गेलो, तेव्हा विश्वनाथाची गल्ली अरुंदच होती. दर्शन झाल्यावर आईने विचारले, हा नंदी मशिदीकडे का रे बघतो? जुने देऊळ तिकडे होते म्हणून, एवढेच मी सांगितले. खरे उत्तर अहिल्याबाई होळकरांच्या चरित्रात आहे.

१७२५ साली चौंडीला जन्मलेली ही मुलगी होळकरांची सून झाली. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सासरे मल्हाररावांनी तिला सती जाऊ दिले नाही. दौलतीचा कारभार शिकवला. १७६६ मध्ये सासरे गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर बाईंनी महेश्वरहून सुमारे २८ वर्षे राज्य केले.

काशीचे देऊळ औरंगजेबाच्या हुकमाने १६६९ मध्ये पाडले गेले आणि तिथे ज्ञानवापी मशीद उभी राहिली. ती पाडून पुन्हा देऊळ बांधावे असा मल्हाररावांचा मनसुबा होता, असे इतिहासकार सांगतात. सुनेने मात्र शेजारची जागा घेतली आणि १७८० मध्ये तिथे आजचे मंदिर उभे केले. काशी होळकरांच्या राज्यात नव्हती. १७७५ पासून तिथे कंपनी सरकारचा अंमल होता. मशिदीला हात लावणे बाईंना शक्यच नव्हते, असे कोणी म्हणेल. पण मूळ जागा मिळत नाही म्हणून हात बांधून बसणे तर शक्य होते! त्या बसल्या नाहीत.

सोमनाथलाही तेच. भग्न देवळापासून थोड्या अंतरावर त्यांनी १७८३ मध्ये नवे मंदिर बांधले आणि शिवलिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात सुरक्षित ठेवले. मूळ जागेवर मंदिर उभे राहिले ते थेट १९५१ मध्ये.

मला पूर्वी ही नुसती तडजोड वाटे. आता तसे वाटत नाही. पाडलेल्याचा विसर त्यांनी पडू दिला नाही, पण नवे भांडणही उकरले नाही. १७९५ मध्ये बाई गेल्या. त्यांच्या देवळात पूजा चालू राहिली आणि पलीकडे नमाजही.

आज ज्ञानवापीचा वाद न्यायालयात आहे; निकाल काय लागायचा तो लागेल. विश्वनाथाच्या आवारात आता बाईंचा पुतळाही आहे. आई असती तर तिला तिथे नेऊन त्या दिवशीचे अर्धे राहिलेले उत्तर पुरे केले असते.