ओतूरची समाधी आणि देहूचे स्वप्न

माघ शुद्ध दशमी हा वारकऱ्यांचा पर्वदिन होय. जुन्नर तालुक्यात मांडवीतीरी, ओतूर येथे ज्यांची समाधी आहे, त्या बाबाजी चैतन्यांनी या तिथीस, गुरुवारी, देहूच्या तुकोबारायांवर स्वप्नात अनुग्रह केला. बाबाजींनी देह ठेवला तो तुकोबांच्या जन्मापूर्वीच, असे संप्रदाय मानतो. तेव्हा शिष्य गुरू शोधीत ओतुरास गेला नाही. समाधिस्थ गुरूच शिष्याकडे आले.

तत्पूर्वीचे तुकोबांचे आयुष्य म्हणजे मनुष्ययत्नाची पराकाष्ठा. इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्येष्ठ पत्नी गेली, पुत्र गेला, व्यापार बुडाला. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, पडके विठ्ठलमंदिर स्वतः खपून उभारले, संतवचने मुखोद्गत केली, भंडाऱ्यावर एकांत साधला. आणि कृपा झाली ती मात्र झोपेत, जेव्हा माणसाची इच्छाही निजलेली असते!

स्वप्नात गंगास्नानास जाताना गुरूंनी वाटेत गाठले, मस्तकी हात ठेवला आणि भोजनास पावशेर तूप मागितले. तुकोबांना त्या तुपाचा विसर पडला. जुन्नर-आंबेगावच्या कीर्तनांत श्रोते येथे हसतात, हसोत बापडे. मला मात्र साऱ्या चरित्राचे मर्म त्या पावशेर तुपात दिसते. गुरूंनी मागितले ते एवढेच, आणि तेही शिष्याच्या हातून घडले नाही. तरीही राघवचैतन्य, केशवचैतन्य ही परंपरेची खूण आणि रामकृष्णहरि हा मंत्र त्यास लाभलाच.

मग यत्नाचे काय? या प्रश्नावर दक्षिणेतील श्रीवैष्णवांत दोन पक्ष पडले. वानरीचे पिल्लू आईला आपण होऊन बिलगते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्यास तोंडात उचलते. तिकडे हॉलंडात डॉर्ट येथे १६१८-१९ साली, तुकोबा बालवयात असताना, कॅल्विनमतानुयायी ख्रिस्ती धर्मपंडितांनी कित्येक महिने हाच काथ्याकूट केला आणि श्रद्धा हेसुद्धा ईश्वराचेच दान, असा निर्णय दिला.

तुकोबा अशा वादात पडले नाहीत. जागे होताच त्यांनी स्वप्नातील उपदेश खरा मानला आणि नाम सोडले नाही. हे मानणे त्यांचे स्वतःचे होते. पुढे अधिकाराचा वाद उपस्थित होऊन अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तेरा दिवस ते अन्नपाण्यावाचून देवाच्या दारी बसले. हट्टच तो, पण कृपेच्याच उंबऱ्यावर मांडलेला. वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्यानंतर फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ (इ. स. १६५०) पर्यंत त्यांचे कीर्तन खंडले नाही.