पेटंट नाकारणारा शास्त्रज्ञ : विल्हेल्म राँटजेन

कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात आज कोणी पाय घसरून पडले, तर डॉक्टर आधी एक्स-रे काढून आणावयास सांगतात. खोकला बरेच दिवस थांबत नसेल, तर छातीचा फोटो पाहूनच पुढचे उपचार ठरतात. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की ती नसताना वैद्यकाची काय अवस्था होती, याची कल्पना करणेही अवघड जाते.

कोल्हापूरशी निगडित एक उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली आणि कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नियुक्ती केली. परंतु क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाईंचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात निधन झाले. छातीवर नळी लावून जे ऐकू येई, मुख्यतः त्यावरच त्या काळी फुफ्फुसांची परीक्षा होत असे. जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याचे साधन जगात कोठेच नव्हते. पुढे आठ वर्षांनी ते एका जर्मन प्राध्यापकाच्या हाती लागले. विल्हेल्म कॉनराड राँटजेन हे त्यांचे नाव.

राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी एका कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब हॉलंडला गेले. उट्रेख्तच्या शाळेत एका विद्यार्थ्याने शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. राँटजेन यांना ते कोणी काढले हे ठाऊक होते. पण त्यांनी नाव सांगितले नाही आणि शाळेतून काढून टाकण्याची शिक्षा पत्करली. शालान्त प्रमाणपत्र हुकल्यामुळे विद्यापीठांची दारे बंद झाली. अखेर झुरिचच्या तंत्रशिक्षण संस्थेने त्यांना प्रवेश दिला. १८६९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तरीही वुर्झबर्ग विद्यापीठाने त्याच जुन्या प्रमाणपत्राअभावी त्यांना अध्यापनाची मान्यता नाकारली. पुढे १८८८ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावले आणि १८९४ मध्ये ते तेथील कुलगुरू झाले.

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी राँटजेन अंधाऱ्या प्रयोगशाळेत एकटेच काम करीत होते. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून ते वीज सोडत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली होती. तरीही काही अंतरावरचा रासायनिक लेप दिलेला पडदा चमकू लागला. प्रकाश बाहेर पडणे शक्य नव्हते. मग हे किरण कोणते? बीजगणितात अज्ञात संख्येला जे अक्षर देतात, तेच त्यांनी या किरणांना दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. पुढचे काही आठवडे त्यांनी प्रयोगशाळेतच मुक्काम ठोकला. शिशाचा तुकडा धरून तपासताना पडद्यावर त्यांना स्वतःच्याच बोटांच्या हाडांची सावली दिसली. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी ॲना बर्था यांच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट उमटली होती. ते पाहून बर्था यांना मृत्यूची चाहूल लागल्यासारखे वाटले, असे सांगतात.

या छायाचित्रातील किमया सावल्यांची आहे. हाडांतील कॅल्शियम किरण अडवते, म्हणून हाड पांढरे दिसते. फुफ्फुसातील हवा ते जाऊ देते, म्हणून फुफ्फुस काळे दिसते. हाडातील काळी रेघ मोड दाखवते, तर फुफ्फुसातील पांढरा डाग न्यूमोनियाची किंवा क्षयाची शंका निर्माण करतो. मात्र एकाच डागाची कारणे अनेक असू शकतात. तेथे डॉक्टरांचा अनुभव आणि रुग्णाची हकीकत यांची साक्ष घ्यावी लागते. सावली दाखवण्याचे काम राँटजेन यांनी केले. ती वाचण्याची विद्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी कमावली.

ही विद्या वेगाने पसरली, याचे मोठे श्रेय राँटजेन यांच्या एका निर्णयाला जाते. त्यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. मानवजातीच्या उपयोगाची गोष्ट कोणा एकाच्या मालकीची असू नये, अशी त्यांची धारणा होती. १८९६ मध्येच ग्लासगो येथे डॉ. जॉन मॅकिन्टायर यांनी रुग्णालयात क्ष-किरण विभाग उभारला. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या या किरणांच्या साह्याने शोधल्या गेल्या.

या किरणांची दुसरी बाजू उशिरा कळली. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे किरणांच्या माऱ्याने १९०४ मध्ये दगावले. अशा बळींच्या स्मरणार्थ हॅम्बुर्ग येथे १९३६ मध्ये स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती. आज तंत्रज्ञ भिंतीआड उभे राहून बटण दाबतात, त्यामागे या माणसांची किंमत आहे.

भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये राँटजेन यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. नावापुढे सरदारकीची उपाधी लावण्यास त्यांनी नकार दिला. फिलिप लेनार्ड यांनी शोधाच्या श्रेयावरून कटुता बाळगली, तरी ते वादात उतरले नाहीत. १९१९ मध्ये पत्नीचे निधन झाले. महायुद्धानंतरच्या प्रचंड महागाईत त्यांची शिल्लक मातीमोल झाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा बहुतेक वैज्ञानिक पत्रव्यवहार जाळून टाकण्यात आला.

पुढे सीटी स्कॅन आले, संगणकाच्या पडद्यावर शरीराचे काप दिसू लागले. त्याचाही पाया क्ष-किरणच आहेत. पेठ वडगावचा रुग्ण एक्स-रेचे पाकीट बगलेत घेऊन डॉक्टरांकडे जातो, तेव्हा त्याने राँटजेन यांचे नाव ऐकलेलेही नसते. पण ते पाकीट त्याच्या हाती इतक्या सहज आले, त्यामागे एका प्राध्यापकाने १८९६ मध्ये नाकारलेली संपत्ती आहे.