सर दिनशा पेटिट व परळचे जनावरांचे रुग्णालय

कोल्हापुरास घोडा नवा नाही. एके काळी टांग्यावाचून शहरात कोणाचे चालत नसे, आणि आजही वरातीपुढे घोडा लागतोच. पण तोच घोडा लंगडा झाला किंवा थकला, म्हणजे जातो कोठे, हे वऱ्हाडी विचारीत नाहीत. हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला, अशा एका गृहस्थाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

दिनशा माणेकजी पेटिट यांचा जन्म ३० जून १८२३ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या एका पूर्वजाचा फ्रेंच व्यापाऱ्यांशी व्यवहार असे. तो ठेंगणा असल्यामुळे ते त्यास आपल्या भाषेत लहानगा म्हणत; तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. वडील माणेकजी हे मुंबईत कापडाच्या गिरण्या काढणाऱ्या आरंभीच्या लोकांपैकी होते. दिनशांनी तो धंदा फार वाढविला व त्यांची गणना शहरातील मोठ्या धनिकांत होऊ लागली.

१८७४ साली मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. त्या कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते. त्याच वर्षी जनावरांस क्रूरतेने वागविण्यास आळा घालणारी मंडळीही तेथे स्थापन झाली. परंतु गाडीवानास दंड करून घोड्याची जखम बरी होत नाही. दंड भरून गरीब मनुष्य अधिकच नाडला जाई आणि ती तूट भरून काढण्यास तोच घोडा पुन्हा जुंपी. जनावर सोडविल्यावर त्यास बांधावे कोठे, चारावे कोणी, औषध द्यावे कोणी, हीच खरी अडचण होती.

ती अडचण दिनशांनी जाणली. त्यांच्या औदार्याने १८८३ साली परळ येथे जनावरांचे रुग्णालय निघाले व त्यास त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव देण्यात आले. १८८६ साली त्याच आवारात पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य स्टील साहेब होते. रोगी जनावरांस वैद्य मिळाले आणि शिकणाऱ्यांस रोगी मिळाले. पुढे १८९० च्या कायद्याने आजारी जनावर कामावरून काढून बरे होईपर्यंत रुग्णालयात ठेवण्याचा हुकूम करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास मिळाला. पण असा हुकूम पाळावयास आधी रुग्णालय पाहिजे!

त्यांनी स्त्रियांच्या व मुलांच्या रुग्णालयासही साहाय्य केले. १८९० साली त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. ५ मे १९०१ रोजी ते निवर्तले. ट्रामचे घोडे १९०५ साली गेले, परंतु परळचे रुग्णालय व महाविद्यालय आजही चालू आहे. २०१५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने शहरातील हौसेच्या घोडागाड्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले, तेव्हा घोड्यांचे काय व गाडीवानांच्या मुलाबाळांचे काय, हा जुनाच प्रश्न पुन्हा पुढे आला.

ह्या चरित्रावरून आम्हांस एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. दया वाटणे सोपे आहे. पण त्या दयेस रोज सकाळी वैरण व पाणी लागते, आणि लीद काढावयास हात लागतात. पेटिटांची संपत्ती आम्हांपाशी नाही, हे खरे. तथापि कोल्हापुरातही पांजरपोळ आहे, आणि आपल्या गावी पाठ सोललेले एखादे घोडे किंवा गाढव उन्हात उभे असेलच. आठवड्यातून एक तास व कडब्याची एक पेंढी इतके तर कोणासही देता येईल. मात्र जनावराकडे जाताना त्याच्या धन्याशीही गोडीने बोलावे. कारण पुष्कळदा दोघेही सारखेच उपाशी असतात.