श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर

एके काळी पालखी वाटेल त्याने बाळगावी असे नव्हते. दरबारातून पालखीचा मान मिळे, तिच्या खर्चाची नेमणूक होई. आणि भोई दांडी खांद्यावर घेऊन निघाले म्हणजे रस्त्यातली माणसे बाजूला होत. हे मानाचे वाहन संतांच्या पादुकांना देऊन आपण पायी चालावे, ही रीत तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी इ. स. १६८५ मध्ये घातली. देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन ते आळंदीस आले आणि माउलींच्या पादुका त्याच पालखीत ठेवून पंढरीस गेले. पुढे माउलींचा सोहळा वेगळा उभा केला तो हैबतबाबांनी.

हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ग्वाल्हेरास शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. संप्रदायात सांगतात, की मिळवलेला ऐवज घेऊन गावाकडे येताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटले आणि सोबत्यांसह गुहेत कोंडले. बाबांना हरिपाठ तोंडपाठ, तेवढाच आधार. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात त्याने सर्वांना सोडले, ऐवजही परत दिला. हैबतराव सुटले खरे, पण घरी राहिले नाहीत. त्यांनी आळंदी धरली.

त्या सुमारास देहूकरांच्या घराण्यात हक्कांचे तंटे निघाले होते. तेव्हा इ. स. १८३२ च्या सुमारास बाबांनी माउलींच्या पादुकांची स्वतंत्र पालखी काढली. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले. वासकरांसारख्या फडकऱ्यांनी भजनाची बाजू सांभाळली. मूळचे शिपाईगडी, म्हणून बाबांनी सोहळ्याला फौजेची शिस्त लावली. पुढे अश्व, मागे क्रमाने दिंड्या, ठरलेले मुक्काम, ठरलेल्या वेळा. आज पालखी बैलांच्या रथात असते, पण रथापुढच्या २७ दिंड्यांचा क्रम कोणी मोडत नाही.

या शिस्तीचे मर्म समाजआरतीत पाहावे. मुक्कामी सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदाराने दंड उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणे ऐकतो, तोड निघते. हरवले-सापडले पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि मग आरती होते. गाऱ्हाणे मनात ठेवून आरतीला उभे राहायचे नाही, असा हा दंडक. दरबारी पालखीसमोर गरिबाने बाजूला व्हायचे असे. इथे पालखीच गरिबाचे ऐकायला थांबते!

आम्हा बीड जिल्ह्यातल्या लोकांचे भाग्य असे, की पैठणहून निघालेली नाथांची पालखी आमच्या रायमोहा, पाटोदा भागातून पंढरीस जाते आणि मुक्ताईची पालखी बीड शहरात येते. दर वर्षी आम्ही वाटेवर उभे राहून पाहतो. दर्शनाला धावणारे पुष्कळ. पण पहिला खांदा कोणाचा, पहिला हार कोणाचा, यावरून गावोगावी कुरबुरी होतात. एकाच गावात दोन आळ्यांनी वर्षभर अबोला धरल्याचेही आम्ही पाहिले आहे. बाबा हो, ज्याने हा सोहळा उभा केला त्याने स्वतःसाठी कोणती जागा घेतली, ते जरा आठवा.

इ. स. १८३६ मध्ये बाबांनी देह ठेवला. त्यांची समाधी आळंदीस महाद्वारातल्या पायरीपाशी आहे. माउलींच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायांची धूळ तिथे पडते. कार्तिकी सोहळ्याचा आरंभ त्याच पायरीच्या पूजनाने होतो. जो शिंद्यांच्या फौजेत सरदार होता, त्याला दाराबाहेरची जागा पुरली. यंदा पालखी आपल्या शिवेवर येईल तेव्हा आधी आळीतला अबोला मिटवावा, आणि मग खांदा द्यायला पुढे व्हावे. इतकेच आमचे सांगणे.